मागची फळी

नागपूरला समुद्र नाही हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. पण हातात पैसा खेळायला लागला की माणसाला पाण्यावर फटफटत फिरावंसं वाटतं, आणि आसपास धरणं काही कमी नाहीत. त्यामुळे नागपुरातही मोटरबोटी येतात, दोन उन्हाळे मिरवतात आणि मग विकायला निघतात. अशी जुनी बोट घ्यायची तर आधी नंदनवन वस्तीतल्या गिरिधर पांढरीपांड्यांना दाखवा, असं जाणती माणसं सांगत. गेल्या मार्चपर्यंत सांगत. आता कोणी सांगत नाही.

गिरिधररावांच्या घराण्याचा पाण्याशी संबंध फक्त संध्येच्या पळीपुरता. भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं कारकुनी घराणं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, दोन्ही काका कचेरीत. यांनीच काय ते आयटीआय केलं आणि एका सरकारी खात्यात लाँचचे मेकॅनिक म्हणून लागले. वडील मरेपर्यंत लोकांना ‘मुलगा सरकारी नोकरीत आहे’ एवढंच सांगत, पुढचं सांगत नसत. धरणाची मोजणी करणारे साहेब लाँचमधून हिंडत आणि त्या लाँचची इंजिनं गिरिधररावांच्या हाती असत. चौतीस वर्षं त्यांच्या नखातलं ग्रीस गेलं नाही. त्यांच्या बायकोने, उत्तराताईंनी, पहिली दोन वर्षं नाक मुरडलं आणि मग तोही नाद सोडून दिला.

नोकरीच्या अकराव्या वर्षी खात्याने लिलावात एक जुनी बोट घेतली. बोटीचं इंजिन ज्या फळीला टांगलेलं असतं ती मागची उभी फळी आतून सडलेली होती आणि वरून चकाचक रंग होता. भर पाण्यात इंजिन फळीसकट निखळलं आणि बोटीत मागून पाणी शिरलं. बोटीत पाच जण होते, त्यातले चौघे पोहून काठाला लागले. पाचवा नत्थू खलाशी. पोहण्यात सगळ्यांचा गुरू, पण इंजिनाच्या नळीच्या वेटोळ्यात पाय अडकला आणि तो इंजिनाबरोबरच तळाला गेला. चौकशी झाली, कागद काळे झाले, दोष कोणाचाच निघाला नाही. ती बोट घेण्याआधी गिरिधररावांनी पाहिली होती. साहेब म्हणाले होते, वरवर बघा आणि सही करा, आणि त्यांनी वरवर बघून सही केली होती. हे त्यांनी उत्तराताईंशिवाय कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर मात्र या माणसाने वरवर म्हणून काही बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक जुन्या बोटी दाखवायला बोलवू लागले तेव्हा ते मोबदला घेत नसत, येण्याजाण्याची सोय करा म्हणत. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावत, मी येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. गेल्याबरोबर पहिला हात इंजिनाच्या टोपावर. कोमट लागलं तर समजायचं, थंड असताना ते सुरू होत नाही म्हणून पठ्ठ्याने आधीच तापवून ठेवलंय. मग चपला काढून अनवाणी बोटीत चालायचं, कारण खालचं लाकूड कुठे दबतं ते बुटाला कळत नाही, तळव्याला कळतं. गिअरचं तेल थेंबभर बोटावर घ्यायचं. काळं असलं तरी चालेल, पण ताकासारखं पांढुरकं असलं तर आत पाणी गेलंय. नवा रंग दिसला की लोक खूश होतात, गिरिधरराव नेमकं तिथेच नख लावत. हे सगळं झालं की मागच्या फळीशी उकिडवे बसत आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत. धड फळी खणकन वाजते, सडलेली भद्द वाजते. शेवटी इंजिनाचा पाय दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवायचा आणि नजर फळीच्या कोपऱ्यावर ठेवायची. तिथे केसाएवढी चीर उघडमीट करताना दिसली की बोट पाण्यात घालूनही बघत नसत. हात पुसत आणि स्पष्ट सांगत.

स्पष्ट सांगितलं की काम झालं, असं त्यांना वाटे. समोरचा ते काय म्हणून ऐकतो, हा प्रश्न त्यांना पासष्ट वर्षांत पडला नव्हता.

फेब्रुवारीत भैयाजी रेवतकरांचा फोन आला. भैयाजी मूळचे काटोलचे, संत्र्याचे मोठे व्यापारी. तरुणपणी एसटीने गावोगाव हिंडून बगीचे ठरवणारा माणूस, आता त्यांचे ट्रक दिल्लीपर्यंत जातात. भिवापूरकडे त्यांनी शेत घेतलं होतं, तिथे धरणाच्या फुगवट्याचं पाणी अगदी कुंपणाशी येई. नऊ वर्षांच्या नातीला, मयुराला, वाढदिवसाला बोट हवी होती. नातीने मागितलं आणि आजोबा नाही म्हणाले असं त्या घरात झालेलं नव्हतं.

बोट उमरेड रोडवरच्या एका शेडमध्ये होती. विकणारा अपूर्व नावाचा तिशीतला मुलगा. त्याचं छोटं रिसॉर्ट बसलं होतं, त्यातलीच ही अठरा फुटी, पांढरी, निळ्या पट्ट्यांची बोट. गिरिधररावांनी आपला सगळा शिरस्ता पाळला. टोप थंडगार होता, तेल स्वच्छ होतं, फरशी कुठे दबली नाही. मागच्या फळीवर मात्र मूठ पडली आणि आवाज आला भद्द. त्यांनी खालचा एक स्क्रू काढला तर त्याच्याबरोबर ओली, तपकिरी भुकटी बाहेर आली, गाळणीतल्या चहाच्या चोथ्यासारखी. इंजिन हलवलं तर दोन्ही कोपऱ्यांतल्या चिरांनी तोंड उघडलं.

“भैयाजी, इंजिन चांगलं आहे, तळही बरा आहे,” ते म्हणाले. “पण मागची फळी आतून सडली. ही बोट अशी पाण्यात घालू नका. पाचसहा माणसं बसली आणि वेग घेतला की इंजिन फळीसकट निघून जाईल.”

अपूर्वने पुढे होऊन भुकटी चिमटीत घेतली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “काका, खरं सांगतो, मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “मी फळी बदलून देतो. दोन महिने द्या मला.”

“दोन मयने?” भैयाजी म्हणाले. “माह्या नातीचा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला गा. दुरुस्ती-गिरुस्ती राहू दे. तू भाव बोल.”

“सेठ, पण फळी खरंच गेली आहे.”

“गेली नं? मंग भाव बी जाऊ दे तिच्यासंगं.”

पुढची पंधरा मिनिटं नुसती झोंबाझोंबी झाली. गिरिधरराव मधे दोनदा “अहो, पण” म्हणाले, त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. सौदा निम्म्या भावात ठरला. त्या शेडमध्ये त्यांचं बोलणं खरं मानणारा एकच माणूस होता आणि तो विकणारा होता.

परतताना भैयाजी स्वतः गाडी चालवत होते आणि खुशीत होते. “काय मानूस आहे जी तुमी!” ते म्हणाले. “तीस वर्सं झाले मी बगीचे घेऊन राहिलो, पन असा कलाकार नाही पाह्यला. तो भुकटीचा खेळ तर लाजवाब! हातात कशी लपवली होती?”

गिरिधररावांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा अंगावर काटा आला. संत्र्याचा बगीचा उभ्याउभी घ्यायला व्यापारी जातो, तेव्हा बरोबर एक तोंडाळ माणूस नेतो. त्याचं काम एकच, झाडाखाली उभं राहून फळाला नावं ठेवायची. कोळशी रोग पडलाय, साल पोकळ आहे, अर्धी फळं गळणार, रस कुठे आहे यात. शेतकरी वर हात करून शपथा घेतो, व्यापारी नाराजीने मान हलवतो आणि भाव उतरतो. ते बोलणं खरं नसतं हे तिघांनाही ठाऊक असतं. भैयाजींनी आयुष्यभर मालाची निंदा याच कारणासाठी ऐकली होती. दुसऱ्या कारणासाठीही ती कोणी करू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“मी खेळ नाही केला,” गिरिधरराव म्हणाले. “फळी खरंच सडली आहे. तुम्ही घरच्यांना त्यात बसवू नका.”

“हो जी, सडली,” भैयाजी डोळा मारून म्हणाले. “आता गाडीत आपन दोघंच आहो. आता कायले?”

त्या आठवड्यात गिरिधररावांनी तीन वेळा फोन केला. दोनदा भैयाजी हसले. तिसऱ्यांदा त्यांच्या मुलाने, दुर्गेशने उचलला आणि फार अदबीने विचारलं, “काका, बाबा विचारून राहिले, तुमचं काही द्यायचं राहिलं का?” दुसऱ्या दिवशी दारात संत्र्यांची पेटी आली. एवढ्या वर्षांत या माणसाने कोणाचा चहासुद्धा मिंधेपणाने घेतला नव्हता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तराताईंनी पेटी शेजारीपाजारी वाटून टाकली.

“तुम्ही सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचं काम झालं.”

“सही केली तेव्हाही काम झालंच होतं,” गिरिधरराव म्हणाले.

वाढदिवसाच्या दिवशी ते सकाळच्या एसटीने भिवापूरला गेले आणि तिथून ऑटोने शेतावर. निमंत्रण होतंच. बोट काठाशी पाण्यात उभी होती, नाकाला झेंडूचा हार, समोर नारळ, हळदकुंकू. मयुरा नारिंगी जॅकेट घालून बोटीभोवती उड्या मारत होती आणि नातेवाइकांची डझनभर पोरं कोण पुढे बसणार म्हणून भांडत होती. गिरिधररावांनी दुर्गेशचा हात धरला. “एकदाच ये, इंजिन धरून हलव, स्वतःच्या डोळ्यांनी बघ,” ते म्हणाले. दुर्गेश मोबाइलवर व्हिडिओ घेत होता. “हो काका, आलोच,” म्हणाला आणि आला नाही. भैयाजींनी तर त्यांना पाहुण्यांसमोर उभंच केलं.

“हेच ते पांढरीपांडेसाहेब! यायनंच फळी सडवली!”

सगळे हसले. कोणीतरी टाळीसुद्धा दिली. गिरिधरराव हात जोडून उभे होते. सत्याला मरण नाही म्हणतात, पण अशी टिंगल झाली की ते जगून तरी काय करतं!

इतक्यात भैयाजींच्या पत्नी रंभाबाई फराळाची ताटली घेऊन आल्या. पाहुण्यांच्या गलक्यापासून थोडं बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊजी, मले ते भावाबिवाचं नाही समजत. पन लेकरू बसते त्याच्यात. या बोटीचं काही वाईट-वाकडं नाही नं?”

“आहे वहिनी. फळी सडली आहे.”

“ते नाही जी. ते तं हे रोज सांगून राहिले हसूहसू. कोनी गेलं-बिलं तं नाही नं या बोटीत?”

नाही, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. समोर मयुरा बोटीत चढली होती आणि मागच्या बाजूला, इंजिनाला टेकून बसली होती.

“गेलं,” गिरिधरराव म्हणाले. “नत्थू नावाचा खलाशी. पाय अडकला आणि इंजिनाबरोबर खाली गेला. दुसऱ्या दिवशी सापडला.”

रंभाबाईंनी ताटली तिथेच टाकली. “मयुरा!” त्या अशा किंचाळल्या की सगळा काठ गप्प झाला. पाच मिनिटांत हार उतरला, पोरं घरात गेली, कोणी त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. कुजलेलं लाकूड ज्यांना दोन आठवडे दिसलं नव्हतं, त्यांना त्या बोटीत न मेलेला माणूस लगेच दिसला. भैयाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. या वेळी त्यांनी डोळा मारला नाही.

“हे आधी काहून नाही सांगतलं जी?” ते विचारत होते. “येवढी मोठी गोष्ट! अन् तुमी फळी फळी करत बसले!”

परतीच्या एसटीत गिरिधररावांना पहिला तासभर हलकं वाटलं. मुलगी वाचली, बाकी काय वाटेल ते होवो. मग कुही फाट्याच्या आसपास कधीतरी त्यांचं मन त्यांनाच खायला लागलं. नत्थूच्या मरणाची साक्ष चौकशीत द्यायची होती तेव्हा तोंड शिवलं होतं, आणि आज तेच मरण भलत्याच बोटीच्या नावावर खपवलं. तेही किती सफाईने! त्यांना स्वतःची शिसारी आली.

भैयाजींनी बोट अपूर्वच्या दारात परत टाकली आणि दिलेले पैसे परत वसूल केले. आठ दिवसांनी अपूर्व नंदनवनात गिरिधररावांच्या घरी आला. उत्तराताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

“काका, माझ्या बोटीत कोण मेलं?” त्याने विचारलं.

गिरिधरराव खाली बघत राहिले.

“फळी सडली म्हणालात, मी मान्य केलं. बदलून देतो म्हणालो, तेव्हा तुमच्या सेठने ऐकलं नाही. पण हा मेलेला माणूस तुम्ही कुठून आणला? सगळीकडे बोंब झाली. माझ्याकडे दुसरी बोट आहे, तिलाही कोणी हात लावून नाही राहिलं. लोक विचारतात, हीच का ती?”

“माझं चुकलं,” गिरिधरराव म्हणाले. “पण तुम्ही ती फळी बदला. मी स्वतः येऊन बदलून देतो, काही नको मला.”

“आता काहून बदलू?” अपूर्व कडवट हसला. “फळी सडली सांगून कोणी घ्यायचं सोडत नाही काका. मढं सांगितलं की सगळे सोडतात. तुम्ही फक्त एक करा. कोणी तुम्हाला विचारलं तर माणूस मेला नाही हे सांगा. खरं बोलता म्हणून नाव आहे नं तुमचं? मग खरं बोला.”

बोलणं लागलं, कारण ते बरोबर होतं. गिरिधररावांनी त्याला शब्द दिला. खरं तेच सांगेन, आणि सगळं खरं सांगेन. यातल्या ‘सगळं’वर त्यांनी जोर दिला होता. पण तोवर अपूर्व जिना उतरून गेला होता.

एप्रिलच्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. बाईंचा आवाज होता, मोकळा, हसरा. “काका, मी दीप्ती बोलतेय. आमचं मुलांच्या उन्हाळी शिबिराचं काम आहे. अपूर्वकडून बोट घेतली आम्ही. सगळं झालंय, पण एक पालक म्हणून राहिले की त्या बोटीत कोणीतरी गेलं होतं. अपूर्व म्हणाला पांढरीपांडेकाकांनाच विचारा, ते खरं सांगतील. गेलं होतं का कोणी?”

गिरिधररावांनी डोळे मिटले. तोंडात दोन्ही उत्तरं होती. एकदा खोटं बोलून एक मूल वाचलं होतं आणि एक माणूस नागवला गेला होता. आणि शब्द दिला होता.

“नाही,” ते म्हणाले. “त्या बोटीत कोणी मेलेलं नाही.”

“हुश्श! थँक यू काका.”

“थांबा. पुढचं ऐका. त्या बोटीची मागची फळी सडलेली आहे. इंजिन निघून येईल. एकाही मुलाला बसवू नका.”

दीप्ती मनापासून हसली. “ते माहितीये काका! रेवतकर सेठ सगळ्यांना सांगतात तुमची ती गोष्ट. भुकटीची. पण अपूर्वने आम्हाला भाव आधीच कमी करून दिलाय, आता त्या खेळाची गरज नाही.”

“अहो, ते भावासाठी नव्हतं! मी शपथ घेऊन सांगतो.” गिरिधरराव खुर्चीतून उठले होते. उत्तराताई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. “तुम्ही आहात कुठे? कोणत्या तलावावर आहात?”

“काका, मुलं खोळंबली आहेत, नंतर बोलू का?”

“मेला होता!” ते ओरडले. “ऐका, माणूस मेला होता त्यात! नत्थू नावाचा!”

मग दीप्ती बोलली. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं आणि वयस्कर माणसाशी बोलताना येतो तो समजुतीचा सूर आला होता.

“काका, आत्ता तर नाही म्हणालात.”

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी मुलांना मोजून बोटीत बसवत होतं. एक, दोन, तीन. गिरिधरराव फोन कानाला घट्ट लावून उभे राहिले. अकरापर्यंत आकडे ऐकू आले, मग फोन बंद झाला.